बहिणीचं घर तळ्याकाठी, बोट धक्क्याला आणि वादळ तीन दिवसांवर: काय काय करावं?

वडगावकर (सोमवार, सकाळी ७:४०)
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण आणि मेहुणे फ्लोरिडात किसिमीजवळ टोहो तळ्याच्या अगदी काठावर राहतात. घरामागे लाकडी धक्का, धक्क्याला लिफ्टवर उचलून ठेवलेली वीस फुटी फायबरची बोट, अंगणात दोन कयाक. घर घेऊन वर्षही झालं नाही. मेक्सिकोच्या आखातात वादळ तयार झालंय आणि गुरुवारी रात्री ते फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर येईल असा अंदाज आहे. मेहुणे म्हणतात, तो किनारा आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या वर लांब, थोडा वारा लागेल, बोट लिफ्टवर आहे तीच सुरक्षित. बहिणीला रात्री झोप नाही.

मी आयुष्यभर बेळगावात राहिलो, मला वादळातलं काही कळत नाही. पण इथे निपाणी, चिकोडी, गोकाक भागातले पूर बघितलेले लोक आहेत आणि तिकडे स्थायिक झालेलेही आहेत. बोट, धक्का, घर, कागदपत्रं, जे सुचेल ते सांगा. त्यांना घर सोडायला सांगू का, हेही सांगा.

टँपाचा_शहापूरकर (सोमवार, सकाळी ८:२५)
दादा, सगळ्यात आधी बोट लिफ्टवरून काढायला सांगा. लिफ्टवर बोट सुरक्षित हा समज फार जणांचा असतो आणि तो खोटा आहे.

हिशेब करा. बोट २० फूट लांब आणि ८ फूट रुंद धरली आणि तिच्यात २५ सेंटिमीटर पाऊस साठला, तर साडेतीन टनांच्या वर पाणी होतं. रेंगाळणारं वादळ इतका पाऊस सहज पाडतं. बोटीचा पंप बॅटरीवर चालतो, तो किती वेळ चालणार? मग लिफ्टच्या केबल तुटतात नाहीतर बोटच मोडते. दुसरी बाजू अशी की तळं वाढलं तर पाणी बोटीला खालून उचलतं आणि वरच्या चौकटीवर आदळवत राहतं.

ट्रेलर असेल तर आजच बोट बाहेर काढा. आज म्हणजे आज. उद्या संध्याकाळपासून बोटी पाण्यातून काढायच्या उतारावर रांगा लागतील. उंच जागी, मोठ्या झाडांपासून लांब न्या. वरचं कापडी छत, गाद्या, मासेमारीचं सामान, सगळं उतरवून घरात ठेवा. छत राहिलं तर वारा त्यालाच धरून बोट उलथवतो. तळाचं बूच काढून ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी निघून जाईल. बूच डॅशबोर्डवर दिसेल असं बांधा, नाहीतर पुढच्या वेळी तसंच पाण्यात उतरवाल.

येळ्ळूर_राजहंस (सोमवार, सकाळी ८:५१)
ट्रेलर नसेल तर?

टँपाचा_शहापूरकर (सोमवार, सकाळी ९:०३)
भाड्याने मिळतो, किंवा मरिनाचे (बोटी ठेवायच्या गोदीचे) लोक क्रेनने काढून उंचावर ठेवतात. पैसे लागतात, पण द्यावेत. काहीच जमलं नाही तर लिफ्टवरच ठेवावी लागेल. मग बूच काढायचं, बोट लिफ्टला पट्ट्यांनी घट्ट आवळायची आणि धक्क्याची वीज बंद करायची. तो शेवटचा पर्याय. आणि एक गोष्ट ठळक सांगतो: वादळात बोटीवर थांबून ती वाचवायला कोणीही जायचं नाही. तिकडे माणसं मरतात ती अशीच.

मेकॅनिक_उद्यमबाग (सोमवार, सकाळी १०:१५)
ट्रेलरबद्दल माझे दोन शब्द. बोट ट्रेलरवर चढवून सोडून द्यायची नाही. चेसिसखाली लाकडी ठोकळे लावा, चाकांना आडवे ठोकळे द्या, टायरमधली थोडी हवा सोडा, म्हणजे वाऱ्याने गाडा पुढेमागे सरकणार नाही. मग जमिनीत पेचाचे खुंटे पिळून त्यांना बोट आणि ट्रेलर दोन्ही आवळायचे. नुसती बोट ट्रेलरला बांधली तर वारा दोघांना मिळून उचलतो.

दोराचंही ऐका. दोर तुटतो तो ताणाने कमी आणि घासून जास्त. जिथे दोर बोटीच्या काठावरून वळतो तिथे हाताचं बोट ठेवून बघा, धार लागते. आम्ही नदीला नाव बांधताना तिथे सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून दोराभोवती गुंडाळतो आणि वर सुतळीने करकचून बांधतो. तिकडे अग्निशमनाच्या जुन्या पाइपचा तुकडा वापरतात म्हणे. काहीही वापरा, पण उघडा दोर काठावर ठेवू नका.

खानापूरवाला (सोमवार, दुपारी १२:३०)
बोटीच्या नादात घर विसरू नका. तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरून वर गेलं तेव्हा आमच्याकडे घाटाच्या बाजूला झाडं आडवी झाली, कणकुंबी-जांबोटीकडे वीज नव्हती. किनाऱ्यापासून आम्हीही आत आहोत. समुद्र लांब म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

काचांना चिकटपट्टीच्या फुल्या मारायच्या, एवढं तरी करा.

टँपाचा_शहापूरकर (सोमवार, दुपारी १:१०)
खानापूरवाला, चिकटपट्टीने काहीही होत नाही. काच फुटायची ती फुटतेच, उलट मोठे धारदार तुकडे एकत्र राहतात आणि तेच अंगावर येतात. खिडक्यांना शटर हवं, नसेल तर ५/८ इंची प्लायवूड स्क्रूने. गॅरेजचं दार सगळ्यात कच्चं. ते आत गेलं की वारा घरात शिरतो आणि छत खालून ढकलतो. त्याला आतून आधार द्यायचा.

खानापूरवाला (सोमवार, दुपारी १:२२)
बरं झालं सांगितलंत. आमच्या आळीत सगळे तेच करतात, आता मीच सांगतो त्यांना.

आकड्यांबद्दल एक. आपलं हवामान खातं वाऱ्याचा वेग ३ मिनिटांच्या सरासरीने सांगतं आणि अमेरिकेत १ मिनिटाच्या. त्यामुळे तिकडचा आकडा इकडच्या यादीत बसवून ‘आपल्या तौक्तेएवढंच आहे’ असं कोणी म्हणू नये. तिकडे ताशी ११९ किलोमीटरला पहिली श्रेणी सुरू होते आणि १७८ ला तिसरी.

दूधगंगा_काठ (सोमवार, दुपारी ३:०५)
वडगावकर, मी कारदग्याचा. मला बोटीच्या लिफ्टमधलं कळत नाही, पण पाण्यातलं कळतं. तुमच्या मेहुण्यांना एक गोष्ट माझ्याकडून सांगा: वारा गेला म्हणजे संकट गेलं असं समजू नका.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावात पाऊस उघडला होता. ऊन पडलं होतं. बायकांनी वाळवणं घातली होती. आणि पाणी चढत होतं. कारण पाणी आमच्या पावसाचं नव्हतंच. वर काळम्मावाडी, पाटगाव धरणांकडे पडलेला पाऊस दूधगंगा-वेदगंगेतून येत होता आणि खाली कृष्णा तुंबलेली, तिला आमचं पाणी घ्यायला जागा नव्हती. फुगवटा मागे मागे सरकत आला. आधी कारदगा-भोज बंधारा पाण्याखाली गेला, मग जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ. जे लोक आभाळ बघत बसले ते अडकले. जे बंधाऱ्यावरचं पाणी बघत होते ते वेळेत निघाले.

म्हणून विचारतो, त्या टोहो तळ्यात पाणी येतं कुठून आणि जातं कुठे? हे त्यांना माहीत आहे का?

वडगावकर (सोमवार, संध्याकाळी ५:४०)
काका, हा प्रश्न मी आत्ता फोनवर विचारला. मेहुण्यांना माहीत नव्हतं. बोट काढायला मात्र ते तयार झालेत, मित्राचा ट्रेलर मिळतोय.

टँपाचा_शहापूरकर (सोमवार, संध्याकाळी ६:३०)
दूधगंगा_काठ, तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. टोहो हे किसिमीच्या तळ्यांच्या साखळीतलं एक तळं. एका तळ्यातून दुसऱ्यात कालव्याने पाणी जातं, मध्ये दरवाजे आहेत, मग ते किसिमी नदीतून खाली ओकीचोबी या मोठ्या सरोवरात जातं. दरवाजे दक्षिण फ्लोरिडाचं जलव्यवस्थापन खातं चालवतं. वादळाच्या आधी ते पातळी थोडी उतरवतात, पण खालचं सगळंच भरलेलं असेल तर वरचं सोडणार कुठे? जमीन इतकी सपाट की पाणी हलता हलत नाही.

त्याच भागातून उत्तरेकडे वाहणारी सेंट जॉन्स नदी बघा. जवळजवळ ५०० किलोमीटर लांब आणि सगळा उतार मिळून ३० फुटांच्या आत. २८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ किनाऱ्यावर आलं, दुसऱ्या दिवशी मध्य फ्लोरिडातून निघूनही गेलं. या नदीवरच्या लेक हार्नी तळ्याच्या काठचं पाणी त्यानंतर कितीतरी दिवस चढत राहिलं. आभाळ निळं आणि घरात पाणी. अगदी तुम्ही सांगितलंत तसं.

येळ्ळूर_राजहंस (सोमवार, रात्री ८:००)
म्हणजे तिकडेही अलमट्टी धरणासारखंच! दरवाजे कधी उघडायचे यावरून भांडण. आपल्याकडे ५१९.६० मीटरपर्यंत भरून ठेवायचं आणि मग...

धागा_संपादक (सोमवार, रात्री ८:२०)
अलमट्टीचा स्वतंत्र धागा आहे, तिथे मनमोकळं लिहा. इथे एका कुटुंबाला तीन दिवसांत तयारी करायची आहे.

अनगोळच्या_माई (सोमवार, रात्री ८:४५)
मला एक कळेना. तळ्यात लाट येते का हो? समुद्र नाही, मग पाणी वाढणार ते पावसाचंच ना?

टँपाचा_शहापूरकर (सोमवार, रात्री ९:१५)
माई, येते. तळं मोठं आणि उथळ असलं की वारा सगळं पाणी एका काठाला ढकलतो, परात तिरकी केल्यासारखं. एका बाजूचा तळ उघडा पडतो आणि दुसरीकडे घरात पाणी. मग वादळाचा मध्य पुढे सरकतो, वारा उलट दिशेने वाहायला लागतो आणि तेच पाणी परत येतं. १९२८ च्या सप्टेंबरमध्ये ओकीचोबी सरोवराचा मातीचा बांध असाच फुटला आणि किमान २५०० माणसं गेली, त्यातली बहुतेक शेतमजूर. आज तिथे सरोवराभोवती हर्बर्ट हूव्हर यांच्या नावाचा मोठा बांध आहे तो त्यानंतरचा. टोहो त्या मानाने लहान आहे, पण काठावरच्या घराला दोन-तीन फूटही पुरे.

आणि धक्क्यालगतचं पाणी अचानक आटलेलं दिसलं तर बघायला खाली उतरायचं नाही. ते परत येतं.

अथणीची_सून (मंगळवार, सकाळी ६:५०)
सगळे बोटीवर आणि पाण्यावर बोलताय, मी घरातलं सांगते. कृष्णाकाठी संसार केलाय.

कागदपत्रं दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकात एक, आणि ती बॅग स्वतःच्या अंगावर. कपाटाच्या वरच्या फळीवर नाही. आमच्या शेजारी वरच्या फळीवर ठेवली होती, कपाटच आडवं होऊन तरंगलं. प्रत्येक खोलीचा, बोटीचा, गाडीचा व्हिडिओ आजच काढा, फ्रीज-वॉशिंग मशीनचे नंबर दिसतील असा. भरपाई मागताना तोच उपयोगी पडतो. औषधं महिन्याची. रोख पैसे, कारण वीज गेली की कार्ड चालत नाही. गॅसची टाकी बंद करून साखळीने बांधा. सिलिंडर पाण्यावर तरंगतो, आम्ही आमचाच सिलिंडर गल्लीच्या टोकाला जाताना बघितलाय. गादी-सोफा विटांवर चढवून काही होत नाही, पाणी किती येणार हे तुम्हाला विचारून येत नाही. जे वर नेता येईल ते माळ्यावर न्या, बाकीचं सोडा.

आणि माणसांनी माळ्यावर थांबायचं नाही. सामान वर, माणसं बाहेर. २०१९ ला ‘आमचं दुमजली आहे’ म्हणून थांबलेल्यांना बोटीने काढावं लागलं. वरच्या मजल्यावर पाणी नव्हतं, पण प्यायचंही नव्हतं.

टँपाचा_शहापूरकर (मंगळवार, सकाळी ७:३०)
ताई, तुमची पोस्ट छापून लावावी अशी आहे. विम्याबद्दल एक जोड: तिकडे घराच्या साध्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत. सरकारी योजनेतला पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारण ३० दिवसांनी लागू होतो. या वादळासाठी आता उशीर झाला, पण त्यांनी घर घेताना तो घेतला होता का, ते बघायला सांगा. बोटीच्या विम्यात कधी कधी बोट बाहेर काढण्याच्या खर्चाचा वाटा मिळतो, तेही वाचा.

गोकाक_फॉल्स (मंगळवार, सकाळी ९:४०)
घर सोडायचं का, याचं उत्तर अजून कोणी नीट दिलं नाही. मी देतो. सोडायचं, आणि उद्या दुपारच्या आत.

हिडकल धरणाचं पाणी, हिरण्यकेशी आणि मार्कंडेय, सगळं आमच्या गोकाकला एकत्र येतं. २०१९ मध्ये लोळसूरचा पूल पाण्याखाली गेला तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत अजून पाणी शिरलेलंही नव्हतं. पण निघायचं कुठून? घर बुडण्याआधी रस्ता बुडतो. २०२१ च्या जुलैमध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला, तिथे तर चार पदरी रस्ता होता. तळ्याकाठच्या घराला बहुधा एकच रस्ता असणार. तो कुठे सखल आहे ते आज दिवसाउजेडी बघून ठेवायला सांगा.

येळ्ळूर_राजहंस (मंगळवार, सकाळी १०:०५)
थोडं वेगळं मत. तिकडे पक्की घरं, सरकारची व्यवस्था चांगली. सगळेच रस्त्यावर आले तर हायवेवर तासन् तास अडकतील. सरकारने सांगितलं तरच निघावं.

टँपाचा_शहापूरकर (मंगळवार, सकाळी १०:४०)
राजहंस, गर्दीचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून तर लवकर निघायचं आणि जवळच जायचं. दोनशे मैल पळायची गरज नसते, उंचावरची पक्की जागा पुरते. पण ‘सरकारने सांगितलं तरच’ यात एक मेख आहे. तिकडचे अ, ब, क असे स्थलांतराचे भाग समुद्राच्या उधाणावर ठरतात. आतल्या तळ्याकाठचं घर त्यातल्या कुठल्याच भागात नसतं, म्हणून आदेश येणारच नाही असं होऊ शकतं. त्यांनी पुराचा नकाशा बघावा.

मायामीचं वादळ केंद्र नकाशावर जो शंकू दाखवतं तो वादळाच्या मध्याचा संभाव्य मार्ग असतो. पाऊस आणि वारा त्याच्या बाहेरही भरपूर जातो. शंकूच्या कडेला घर आहे म्हणून सुटलो असं नाही.

वडगावकर (मंगळवार, रात्री १०:१०)
तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. बोट निघाली, मेहुण्यांच्या कंपनीच्या उंच आवारात ठोकळ्यांवर आहे, खुंटे मारून. मेकॅनिकसाहेब, दोराला त्यांनी बागेतल्या रबरी पाइपचे तुकडे चिरून घातले, फोटोत बघितले. कयाक गॅरेजमध्ये. अथणीच्या ताईंची पोस्ट बहिणीने वाचली आणि लगेच व्हिडिओ काढायला घेतला. उद्या सकाळी त्यांच्या वेळेने ती दोघं ऑर्लँडोत मैत्रिणीकडे तिसऱ्या मजल्यावर जाताहेत. मेहुणे जनरेटर घेऊन जायचं म्हणतात.

मेकॅनिक_उद्यमबाग (मंगळवार, रात्री १०:३५)
जनरेटर घरात, बाल्कनीत, गॅरेजमध्ये कुठेही चालवायचा नाही. धुराला वास असतो, पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला नसतो. झोपेत माणूस जातो. घरापासून किमान वीस फूट लांब, उघड्यावर. तिसऱ्या मजल्यावर त्याचा काही उपयोग नाही, पॉवर बँक भरून न्यायला सांगा.

अनगोळच्या_माई (मंगळवार, रात्री १०:५०)
पोरीला सांगा, माई देवापाशी दिवा लावून आहे. पाणी ओसरलं की मी कुंदा पाठवते.

वडगावकर (शुक्रवार, रात्री ८:१५)
रात्री वादळ त्यांच्या भागातून गेलं. दोघं सुखरूप आहेत. शेजाऱ्याने फोटो पाठवला: घर उभं आहे, मागच्या जाळीच्या व्हरांड्याची जाळी फाटली, एक ओक पडला तो धक्क्यावर, नेमका लिफ्टवर. बोट तिथे असती तर काय झालं असतं ते लिहवत नाही. आता ऊन पडलंय आणि मेहुणे आजच परत जायचं म्हणताहेत.

दूधगंगा_काठ (शुक्रवार, रात्री ८:२२)
जाऊ देऊ नका. तळ्याची पातळी काय म्हणते ते बघा. आभाळ बघू नका.

गोकाक_फॉल्स (शुक्रवार, रात्री ८:४०)
काकांना दुजोरा. दोन दिवस थांबून काही बिघडत नाही.

वडगावकर (सोमवार, सकाळी ७:१०)
काका, तुमच्या शब्दावर बहीण अडून बसली म्हणून थांबले. शनिवारी रात्री अंगणात पाणी आलं, रविवारी धक्का पूर्ण पाण्याखाली, आज उंबऱ्याला लागायला वीतभर कमी आहे. घराकडचा रस्ता बंद. मेहुण्यांनी स्वतः फोन करून तुम्हाला नमस्कार सांगायला सांगितलंय.

आता विचारायचं हे, पाणी उतरल्यावर घरात शिरताना काय बघायचं? त्यांच्याकडे विहिरीचं पाणी आहे आणि सांडपाण्याची टाकी अंगणातच.

अथणीची_सून (सोमवार, सकाळी ७:४५)
पायात गमबूट आणि हातात काठी. आमच्याकडे पाणी ओसरल्यावर चुलीमागून घोणस निघाली होती. कपाटाखाली, पलंगाखाली आधी काठी घालायची.

टँपाचा_शहापूरकर (सोमवार, सकाळी ८:२०)
तिकडे सापांबरोबर लाल मुंग्यांचे गोळे पाण्यावर तरंगत येतात, अंगाला लागले तर वाईट चावतात. साचलेल्या पाण्यात उघड्या पायाने जायचं नाही, त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं. धक्क्याची आणि घराची वीज इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय चालू करायची नाही. वीज कंपनीने लाइन सोडली तरी आपला मुख्य खटका खालीच ठेवायचा. विहीर बुडाली असेल तर निर्जंतुक करून, काउंटीच्या आरोग्य खात्याकडून तपासून घेतल्याशिवाय प्यायची नाही. तोवर बाटलीचं पाणी. उकळायचंच झालं तर पाणी खळखळा उकळू द्यायचं, नुसतं कोमट नाही. सांडपाण्याच्या टाकीभोवतीची जमीन ओली आहे तोवर ती उपसायला कोणाला बोलावू नका, रिकामी टाकी जमिनीतून वर येते. आणि बोट परत लिफ्टवर चढवायची घाई नको, आधी लिफ्टचे खांब सरळ आहेत का आणि केबल कुठे उसवल्यात का ते बघून घ्या.

मेकॅनिक_उद्यमबाग (सोमवार, सकाळी ८:३१)
आणि बूच.